जॉर्ज वेस्टिंगहाऊस आणि आगगाडीचा ब्रेक

आगगाडी कशी चालूं लागली, असें वर्गांत विचारलें कीं दहा हात वर होतात. स्टीफन्सनचें नांव, वाफेची शक्ति, दट्ट्या, रूळ, सारें मुलांच्या जिभेवर असतें. पण ती थांबते कशी, असा दुसरा प्रश्न टाकतांच ते सर्व हात खालीं येतात. वास्तविक हजारों मण वजनाची वस्तु वेगांत आणण्यापेक्षां, वेगांत आलेली ती वस्तु हव्या त्या जागीं उभी करणें हें काम अधिक अवघड आहे. पहिलें काम साधल्यावर सुमारें चाळीस वर्षें दुसरें काम बहुतेक ठिकाणीं माणसाच्या मनगटावरच चाललें होतें. त्यांत किती मनगटें व किती जीव खर्चीं पडले, आणि तें थांबविण्यासाठीं एका अमेरिकन कारागिरानें काय केलें, हें येथें सांगावयाचें आहे.

त्या काळचा हातब्रेक कसा असे तें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील मालगाडीच्या डब्याच्या टोंकाला एक उभा लोखंडी दांडा बसविलेला असे. दांड्याचें वरचें टोंक छपराच्याही वर निघे व त्यावर एक आडवें चाक असे. खालच्या टोंकाला साखळी जोडलेली असे. छपरावर उभें राहून चाक फिरविलें म्हणजे साखळी दांड्याभोंवतीं गुंडाळली जाई, ती डब्याखालील तरफा ओढी, आणि तरफांच्या जोरानें ब्रेकचे ठोकळे गाडीच्या चाकांवर दाबले जात. साखळी उलट उलगडूं नये म्हणून दांड्याला एक दांतेरी चक्र असे व त्यांत पायानें एक खुंटी अडकवीत. ब्रेक सोडावयाचा तर ती खुंटी पुन्हां पायानेंच बाजूस सारावयाची. रचना साधी, स्वस्त आणि खरें म्हणजे मोठ्या हुशारीची होती. एका माणसाच्या दोन हातांचा जोर चाक, साखळी व तरफा यांच्या योगानें कित्येक पटींनीं वाढून खालच्या चाकांपर्यंत पोंचे. दोष त्या रचनेंत नव्हता. ती प्रत्येक डब्याला निरनिराळी होती, हा दोष होता.

ड्रायव्हरनें शिटी दिली कीं ब्रेकवाले छपरावर धांवूं लागत. छपराच्या मध्यावर लांकडी फळ्यांची एक अरुंद वाट असे. एक डबा संपला कीं चालत्या गाडींत पुढच्या डब्यावर उडी मारावयाची, तेथील चाकाशीं थांबावयाचें, हातांतील सोटा चाकाच्या आऱ्यांत घालून तें आंवळावयाचें, आणि पुन्हां पुढें धांवावयाचें. हें दिवसां तर करावयाचेंच, पण रात्रीं कंदील घेऊनही करावयाचें; पावसांत करावयाचें आणि हिंवाळ्यांत फळ्यांवर बर्फ गोठलें असतांही करावयाचें. अंधारांत एखादा ठेंगणा पूल आला तर तो दिसत नसे. म्हणून पुलाच्या अलीकडे रुळांवर आडवी तार बांधून तिला दोऱ्या लोंबत सोडीत. त्या अंगाला लागल्या कीं ब्रेकवाल्यानें निमूटपणें खालीं बसावें, एवढीच त्याला सूचना. अशा दोन-तीन माणसांनीं सगळी गाडी आंवळीपर्यंत ती किती पुढें जात असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

जॉर्ज वेस्टिंगहाऊसचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील सेंट्रल ब्रिज या खेड्यांत झाला. दहा भावंडांत तो आठवा. वडिलांचा शेतीचीं अवजारें व यंत्रें बनविण्याचा धंदा होता व १८५६ सालीं त्यांनीं आपलें बिऱ्हाड शेनेक्टडी या गांवीं हालविलें. जॉर्जचें मन शाळेंत रमत नसे. (हें वाक्य पालकांनीं घरीं मोठ्यानें वाचून दाखवूं नये.) कारखान्यांत मात्र तो तासच्या तास लेथीपुढें उभा राही. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें तेव्हां तो अवघा चौदा-पंधरा वर्षांचा होता. एकदां तो सैन्यांत दाखल होण्यासाठीं घरांतून पळाला व वडिलांनीं त्याला परत आणलें. पुढें १८६३ सालीं त्यांनींच त्याला परवानगी दिली. कांहीं काळ घोडदळांत व नंतर आरमारांत यंत्रज्ञाचा मदतनीस म्हणून त्यानें नोकरी केली. थोरला भाऊ आल्बर्ट या युद्धांत कामास आला. युद्ध संपल्यावर जॉर्ज युनियन कॉलेजांत गेला खरा, परंतु थोड्याच महिन्यांत तेथून बाहेर पडून तो पुन्हां वडिलांच्या कारखान्यांत आला. त्याच सालीं, म्हणजे १८६५ सालीं, एका नव्या तऱ्हेच्या वाफेच्या इंजिनाबद्दल त्याला पहिलें पेटंट मिळालें.

यानंतर वर्षभरांतच ती प्रसिद्ध घटना घडली. शेनेक्टडी व ट्रॉय या गांवांमधील मार्गावर दोन मालगाड्या समोरासमोर येऊन आदळल्या होत्या व त्यामुळें जॉर्जची गाडी अडकून पडली. तो खालीं उतरून पाहूं लागला. दिवस स्वच्छ, मार्ग सरळ आणि सपाट. दोन्हीं ड्रायव्हरांनीं एकमेकांस दुरून पाहिलें होतें. दोघांनींही ब्रेकची शिटी दिली होती. वेळ पुरला नाहीं, एवढेंच. ब्रेकवाल्यांच्या आळसाला दोष देऊन इतर लोक मोकळे झाले असते. जॉर्जच्या मनांत निराळाच विचार आला. ज्याला धोका दिसतो त्या ड्रायव्हरच्या हातांत गाडी थांबविण्याचें साधन नाहीं, आणि ज्यांच्या हातांत साधन आहे त्यांना धोका दिसत नाहीं, ही गोष्ट त्याला खटकली. सर्व डब्यांचे ब्रेक इंजिनावरून एकदम लावतां आले पाहिजेत, हें त्यानें तेथेंच मनाशीं पक्कें केलें.

पहिल्यानें त्यानें हातब्रेकचीच साखळी लांबवून पाहिली. सर्व गाडीखालून एकच साखळी नेऊन ती इंजिनानें ओढावी अशी योजना होती. तसा एक साखळीचा ब्रेक दुसऱ्या कोणी केलेलाही होता. पण गाडी लांब झाली कीं साखळी ढिली पडे. मग वाफेचा विचार झाला. वाफ मागच्या डब्यापर्यंत जाईतों थंड होऊन तिचें पाणी होई. अशा अडचणींत असतां एका मासिकांत आल्प्स पर्वताखालून फ्रान्स व इटली यांच्या दरम्यान चाललेल्या माँ सेनी बोगद्याची हकीकत त्याच्या वाचनांत आली. तेथें खडक फोडणारीं यंत्रें दाबलेल्या हवेनें चालत व ती हवा हजारों फूट लांब नळांतून आंत नेलेली असे. दाबलेली हवा थंडीनें गोठत नाहीं, वाटेंत विरत नाहीं. जें साधन पर्वताच्या पोटांत खडक फोडतें तें गाडीच्या पोटाखालीं ब्रेक कां लावणार नाहीं? या एका वाचनानें त्याची कोंडी फुटली.

मध्यंतरीं १८६७ सालीं मार्गरीट वॉकर या तरुणीशीं त्यांचा विवाह झाला व १८६८ सालीं ते पिट्सबर्ग येथें आले. येथून पुढें त्यांचा उल्लेख आपण आदरार्थींच करूं. ब्रेकची कल्पना घेऊन ते रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे हिंडले. त्या काळचा रेल्वेसम्राट व्हँडरबिल्ट यानें वाऱ्यानें गाडी थांबविण्याची गोष्ट ऐकून त्यांना वाटेला लावलें, अशी एक आख्यायिका सर्वत्र सांगतात. ती खरी असो वा नसो, नकार मात्र त्यांना पुष्कळ मिळाले. अखेर राल्फ बॅगेली या मित्रानें पैशाची मदत केली, आणि पॅनहँडल नांवाच्या रेल्वेनें प्रयोगासाठीं एक गाडी दिली. तीही यंत्रें बसविण्याचा खर्च वेस्टिंगहाऊस यांनीं स्वतः सोसावा या अटीवर.

प्रयोगाच्या दिवशीं मागच्या डब्यांत रेल्वेचे अधिकारी बसले होते. इंजिनावर डॅनियल टेट नांवाचा ड्रायव्हर होता. गाडी पिट्सबर्गजवळच्या बोगद्यांतून वेगानें बाहेर पडते तों समोर रुळांवर एक घोड्यांची गाडी! गाडीवान चाबूक ओढतो आहे, घोडीं बिथरलीं आहेत, आणि शेंवटीं तो स्वतःच रुळांवर फेंकला गेला. टेट यानें हवेची मूठ फिरविली. अधिकारी बसल्या जागेवरून पुढें कोलमडले, आणि गाडी त्या माणसापासून चार फुटांवर उभी राहिली. ठरलेला प्रयोग बाजूलाच राहिला. त्याची जरुरी उरली नव्हती. या ब्रेकचें पेटंट १३ एप्रिल १८६९ रोजीं मिळालें व त्याच वर्षीं वेस्टिंगहाऊस यांची ब्रेकची कंपनी निघाली. तेव्हां त्यांचें वय तेवीस वर्षांचेंही पुरतें नव्हतें.

बहुतेक चरित्रलेखक येथें टाळ्या वाजवून पुढें जातात. मला स्वतःला यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. या पहिल्या ब्रेकांत इंजिनावरील पंप हवा दाबून एका टांकींत भरी. ब्रेक लावावयाचा झाला म्हणजे ती हवा नळीवाटे प्रत्येक डब्याखालील नळकांड्यांत सोडीत व तेथील दट्ट्या ठोकळे दाबी. पण नळीच फुटली तर? किंवा डब्यांची सांखळ तुटून गाडीचे दोन तुकडे झाले तर? मागच्या तुकड्याला हवा पोंचणार कोठून? म्हणजे गाडीला ब्रेकची सर्वांत अधिक गरज ज्या क्षणीं, नेमका त्याच क्षणीं ब्रेक नाहींसा व्हावा, असा प्रकार होता.

वेस्टिंगहाऊस यांनीं १८७२ सालीं सगळी योजनाच उलटी केली. प्रत्येक डब्याला त्यांनीं स्वतःची एक लहान टांकी दिली व इंजिनापासून शेंवटपर्यंत गेलेली नळी नेहमींच दाबलेल्या हवेनें भरलेली ठेविली. नळी, टांकी व नळकांडें यांच्या मध्यें एक चमत्कारिक झडप बसविली. नळींतील दाब कायम आहे तोंपर्यंत ती झडप टांकी भरूं देते व ब्रेक मोकळा ठेवते. नळींतील दाब कमी झाला कीं ती सरकते, टांकींतील हवा नळकांड्यांत घुसते आणि ब्रेक लागतो. दाब पुन्हां वाढविला कीं ती मागें येऊन नळकांड्यांतील हवा बाहेर सोडते. हीं तीन कामें करणारी म्हणून तिला तिहेरी झडप म्हणतात. या रचनेंत ड्रायव्हरनें हवा सोडली तरी गाडी थांबते, नळी फुटली तरी थांबते, आणि गाडी तुटली तर दोन्हीं तुकडे आपोआप थांबतात. हवेचें काम आतां ब्रेक लावण्याची वेळ येईपर्यंत त्याला आंवरून धरण्याचें झालें. आपल्या गाड्यांतून संकटाची साखळी असते ती ओढल्यावर काय होतें, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. या नळींतील हवा बाहेर पडूं लागते, एवढेंच होतें. आपल्या देशांत अनेक दशकें हवेच्या दाबाऐवजीं निर्वातावर चालणारा ब्रेक होता. त्यांत हवा आंत शिरली कीं ब्रेक लागे. पण बिघाड झाला कीं गाडी थांबावी हें तत्त्व दोहोंतही एकच आहे.

हें तत्त्व न मानल्यास काय घडतें याचा दाखला आयर्लंडमध्यें मिळाला. १२ जून १८८९ रोजीं आर्मा गांवच्या एका रविवारच्या शाळेचीं मुलें, आईबाप व शिक्षक समुद्रकांठीं सहलीस निघालीं होतीं. पंधरा डबे व नऊशेंहून अधिक माणसें. चढावर इंजिन दमलें. तेव्हां गाडी तोडून पुढचे पांच डबे आधीं वर न्यावे असें ठरलें. त्या गाडीला इंजिन जोडलेलें असेतोंच चालणारा ब्रेक होता. त्यामुळें गाडी तोडतांच मागचे दहा डबे गार्डच्या डब्यांतील हातब्रेकवर आणि चाकांखालीं ठेविलेल्या दगडांवर राहिले. पुढचा भाग निघतांना किंचित् मागें आला. त्या धक्क्यानें दगडांचा चुरा झाला, एकटा हातब्रेक पुरा पडला नाहीं, आणि मुलांनीं भरलेले ते डबे उतारानें मागें धांवूं लागले. खालून दुसरी गाडी वर येत होती. सुमारें ऐंशी माणसें मेलीं. त्यांत पुष्कळ मुलें होतीं. वेस्टिंगहाऊस यांचा आपोआप लागणारा ब्रेक तेव्हां सतरा वर्षांचा जुना झाला होता. आर्माच्या थडग्यांवरची माती ओली होती तोंच, त्याच सालीं, ब्रिटिश पार्लमेंटनें प्रवासी गाड्यांना असा ब्रेक सक्तीचा केला.

अमेरिकेंत प्रवासी गाड्यांनीं नवा ब्रेक लौकर घेतला, पण मालगाड्यांनीं घेतला नाहीं. तिकीट काढणारा मेला तर वर्तमानपत्रांत ओरड होई, नुकसानभरपाई द्यावी लागे. ब्रेकवाला छपरावरून पडला तर दुसरा ब्रेकवाला मिळे. मी हें कठोरपणें लिहीत आहें, परंतु त्या वेळचे आंकडे याहून कठोर आहेत. १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन रेल्वेवरील सुमारें दोन हजार नोकर एका वर्षांत मृत्यु पावले व सुमारें वीस हजार जखमी झाले. त्यांत डबे जोडणाऱ्यांचा व ब्रेकवाल्यांचा भरणा फार मोठा. कंपन्यांची एक अडचण मात्र खरी होती. मालाचे डबे एका कंपनीच्या मार्गावरून दुसरीच्या मार्गावर जात. सर्वांनीं एकच ब्रेक घेतल्याशिवाय एकट्यादुकट्यानें घेण्यांत अर्थ नव्हता.

येथें लोरेन्झो कॉफिन या आयोवा संस्थानांतील शेतकऱ्याची आठवण केलीच पाहिजे. एका मालगाडीनें जात असतां, डबे जोडतांना एका ब्रेकवाल्याचीं उरलेलीं दोन बोटें तुटलेलीं त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं; बाकीचीं आधींच गेलीं होतीं. त्या दिवसापासून या माणसानें शेती सोडल्यासारखीच केली. पत्रें लिहावीं, सभांत न बोलावतां शिरावें, बाहेर घालविलें तर पुन्हां जावें, हा त्याचा उद्योग झाला.

मालगाड्यांच्या ब्रेकची मोठी परीक्षा बर्लिंग्टन येथें १८८६ व १८८७ सालीं झाली. पन्नास-पन्नास डब्यांच्या गाड्यांवर निरनिराळे ब्रेक लावून पाहिले. वेस्टिंगहाऊस यांचा ब्रेकही तेथें अपुरा ठरला. दाब कमी झाल्याची खूण शेंवटच्या डब्यापर्यंत पोंचण्यास इतका वेळ लागे कीं पुढचे डबे थांबत व मागचे त्यांवर आदळत. आपल्या यंत्राचा पराभव चारचौघांत पाहिल्यावर ते घरीं जाऊन रुसले नाहींत. त्यांनीं झडपेची रचना अशी बदलली कीं खूण मिळतांच प्रत्येक डब्याची झडप आपल्याजवळची थोडी हवा नळींतून स्वतःच बाहेर काढी. त्यामुळें तीच खूण झपाट्यानें पुढच्या डब्याकडे सरके, आणि दोन-तीन सेकंदांत सगळ्या गाडीचे ब्रेक लागत. १८८७ च्या शरद्ऋतूंत पन्नास डब्यांची गाडी गांवोगांव नेऊन त्यांनीं हें लोकांना दाखविलें. आतां यंत्र तयार नाहीं असें म्हणण्याची सोय कोणाला उरली नाहीं. तरीही कायदा होण्यास आणखी सहा वर्षें लागलीं. २ मार्च १८९३ रोजीं अध्यक्ष हॅरिसन यांनीं त्यावर सही केली. ब्रेकवाल्यानें हातब्रेक फिरविल्यावांचून ड्रायव्हरला गाडीचा वेग आंवरतां आला पाहिजे, असें त्या कायद्यानें ठरविलें. कंपन्यांनीं मुदतवाढ मागून घेतली व १९०० सालापर्यंत तो पुरता अमलांत आला नाहीं.

हातब्रेक मात्र गेला नाहीं. १९१० च्या कायद्यानें प्रत्येक डब्याला कार्यक्षम हातब्रेक असलाच पाहिजे असें उलट बजाविलें. कारण इंजिन सुटून डबा आडमार्गावर उभा राहिला म्हणजे नळकांड्यांतील हवा हळूहळू निसटते. आंवळलेली साखळी निसटत नाहीं. आपल्याकडील मालाच्या डब्यांनाही याच कारणासाठीं हातब्रेक असतो. कॅनडांतील लाक-मेगांतिक गांवाजवळ ५ जुलै २०१३ च्या रात्रीं खनिज तेलाची बहात्तर टांक्यांची एक गाडी उतारावर उभी केली होती. सात हातब्रेक आंवळले होते. ते पुरतात कीं नाहीं हें पाहतांना इंजिनांचा हवेचा ब्रेक सोडलेला नव्हता, म्हणून ते पुरेसे वाटले. पुढें चालूं ठेविलेलें इंजिन आग लागल्यामुळें बंद करण्यांत आलें, पंप थांबला, हवा गळत गेली, आणि मध्यरात्रीनंतर गाडी आपली आपणच गांवाकडे निघाली. त्या आगींत सत्तेचाळीस माणसें गेलीं.

वेस्टिंगहाऊस यांच्या आयुष्यांतील दुसरा मोठा उद्योग विजेचा. त्याला स्वतंत्र लेखच हवा. उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा त्यांनीं पुरस्कार केला, निकोला टेस्ला यांचीं पेटंटें १८८८ सालीं घेतलीं, १८९३ सालीं शिकागोचें जागतिक प्रदर्शन दिव्यांनीं उजळलें व पुढें नायगारा धबधब्याच्या वीजघराला यंत्रें पुरविलीं. साडेतीनशेंहून अधिक पेटंटें त्यांच्या नांवावर आहेत. आपल्या कारखान्यांत शनिवारीं अर्धा दिवस सुटी देण्याची चाल त्यांनीं फार लौकर पाडली, आणि विल्मर्डिंग येथें ब्रेकचा नवा कारखाना उभारतांना कामगारांसाठीं घरेंही बांधलीं. पैसा सांभाळण्यांत मात्र ते यंत्रांइतके कुशल नव्हते. १९०७ च्या आर्थिक संकटांत विजेची कंपनी त्यांच्या हातून गेली. ब्रेकची कंपनी टिकली.

पुढें हृदयविकार जडला. १२ मार्च १९१४ रोजीं न्यूयॉर्क येथें वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. पत्नी मार्गरीट यांनीं त्यांच्यामागें तीनच महिन्यांनीं देह ठेविला. यादवी युद्धांतील जुना शिपाई म्हणून आर्लिंग्टन येथील सैनिकांच्या दफनभूमींत त्यांना जागा मिळाली. दोघेंही तेथें शेजारीं शेजारीं आहेत.